एक नंबर टॉपला: नेमका टीडीसी शोधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे एक प्रीमिअर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसी, चार सिलिंडर. तिचं टायमिंग (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते) बांधताना मी जेवढे घोळ घातले, त्यांतून हे पान तयार झालं. उदाहरणं बहुतेक तिचीच आहेत, पण पद्धत कुठल्याही पिस्टनच्या इंजिनाला लागू पडते.

टीडीसी म्हणजे काय? गॅरेजमध्ये म्हणतात तो "टॉप" हाच का?

हाच. टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त वर पोहोचतो ती क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) स्थिती. मिस्त्री "एक नंबर टॉपला घे" म्हणतो तेव्हा पुलीच्या बाजूचा पहिला पिस्टन वर आणायचा असतो, आणि बहुतेक वेळा कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर, म्हणजे आतली हवा दाबली जाते त्या चढाईत. इग्निशनचं टायमिंग, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) चेन, डिझेलचा पंप, सगळ्यांची मोजणी याच शून्यापासून सुरू होते. शून्यच सरकलेलं असेल तर पुढचे सगळे अंश बिनकामाचे.

पुलीवर कंपनीची खूण असतेच ना? मग शोधायचं कशाला?

इंजिन कधी उघडलं नसेल, पुली मूळचीच असेल, कव्हरवरचा काटा वाकलेला नसेल, तर शोधू नका. खूण बरोबर धरा आणि कामाला लागा.

पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हे तिन्ही एकत्र क्वचितच सापडतं. माझ्या पद्मिनीची पुली जुन्या बाजारातून आणलेली होती. दिसायला तंतोतंत, बसलीही छान. खुणेवर टायमिंग बांधलं की गाडी सुरू व्हायची, पण खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वाटाणे उडावेत तसा आवाज करायची. मी आधी पेट्रोलला दोष दिला, मग प्लग बदलले, मग कार्बोरेटर उघडला. शेवटी टॉप मोजून पाहिला तेव्हा कळलं की खूण चार अंशांनी चुकीच्या जागी आहे. बहुधा दुसऱ्याच मॉडेलची पुली असावी. दोन रविवार गेले, चार प्लग विनाकारण नवे झाले.

दुसरं कारण रबराचं. काही इंजिनांची पुली दोन तुकड्यांची असते: मधला गाभा, बाहेरची कडी आणि दोहोंमध्ये रबर. रबर जुनं झालं की कडी हळूहळू घसरते. खूण कडीवर असल्यामुळे तीही तिच्याबरोबर फिरते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

प्लगच्या भोकातून डायल गेज (बारीक अंतर काट्याने दाखवणारं माप) लावला आणि काटा थांबला तिथे खूण केली, तर चालणार नाही का?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झोका आठवा. वर जाताना त्याचा वेग कमी कमी होत जातो आणि टोकाला तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. पिस्टनचंही तसंच. पद्मिनीचा स्ट्रोक ७५ मिमी आहे. कनेक्टिंग रॉडची लांबी स्ट्रोकच्या पावणेदोन पट धरून हिशेब केला, तर टॉपपासून क्रँक एक अंश फिरल्यावर पिस्टन फक्त ०.००७ मिमी खाली येतो. केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. दोन अंशांना ०.०३ मिमी, पाच अंशांना ०.१८ मिमी आणि दहा अंशांना ०.७३ मिमी.

आता गॅरेजमधला साधा डायल गेज पाहा. त्याचं सगळ्यात लहान घर ०.०१ मिमीचं. म्हणजे टॉपच्या अलीकडे एक अंश आणि पलीकडे एक अंश फिरवलं तरी काट्याने अजून एक घरसुद्धा ओलांडलेलं नसतं. काटा "थांबला" असं तुम्हाला वाटतं तो पट्टा दोन-तीन अंशांचा असतो. त्यातला मध्य नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सापडत नाही, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी.

म्हणून टॉप टॉपवर शोधायचाच नाही. दोन्ही बाजूंना खाली उतरायचं, जिथे पिस्टन पळत असतो. टॉपपासून ३२ अंशांवर क्रँकच्या एका अंशाला पिस्टन ०.४३ मिमी सरकतो, टॉपजवळच्या पहिल्या अंशाच्या जवळजवळ साठपट. तिथली चूक दिसते आणि हाताला जाणवते. अलीकडची आणि पलीकडची सारख्या उंचीची जागा पकडायची आणि दोहोंचा मध्य काढायचा. पुढच्या सगळ्या पद्धती याच एका युक्तीची वेगवेगळी रूपं आहेत.

मग प्रत्यक्ष कसं करायचं?

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) इंजिनावरच असेल तर स्टॉपची पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अचूकही. प्लगच्या जागी पिस्टनला अडवणारा एक बोल्ट बसवायचा, त्याला स्टॉप म्हणतात.

बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चारही प्लग काढा, नाहीतर कॉम्प्रेशनशी झगडावं लागेल. शक्य असेल तर रॉकर शाफ्टही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) काढून ठेवा. सगळे व्हॉल्व्ह बंद राहिले की उघडता व्हॉल्व्ह स्टॉपवर आदळण्याची भीती उरत नाही.

क्रँकच्या बोल्टवर डिग्री व्हील, म्हणजे ३६० अंशांची चकती, घट्ट बसवा. जाड तारेचा एक काटा करून तो इंजिनाच्या एखाद्या बोल्टखाली दाबा आणि टोक चकतीच्या अगदी जवळ आणा. टोक लांब राहिलं तर डोकं थोडं हललं तरी अर्धा अंश इकडेतिकडे दिसतो. एक नंबर अंदाजाने टॉपला आणा आणि काट्यासमोर चकतीचं शून्य ठेवा. हे शून्य सध्या तात्पुरतं आहे, त्यावर वेळ घालवू नका.

आता पिस्टन बराच खाली न्या आणि मगच स्टॉप आत बसवा. हा क्रम उलटा केला तर काय होतं ते सांगायला नको.

पान्याने क्रँक सावकाश फिरवा. पिस्टन वर येऊन स्टॉपला टेकेल. मनगटाचा जोर पुरेसा आहे, टॉमीवर (पान्याच्या लांब दांड्यावर) लटकायचं नाही. आकडा लिहून ठेवा. समजा ३४ आला. मग उलट दिशेने फिरवा, जवळजवळ पूर्ण फेरा, पिस्टन खालपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने वर येईल आणि पुन्हा टेकेल. समजा शून्याच्या त्या बाजूला ३० आला. बेरीज ६४, निम्मे ३२. इंजिन स्टॉपला टेकलेलंच ठेवून चकती सैल करा, काट्यासमोर ३२ येईल इतकी ती फिरवा आणि पुन्हा आवळा. दोन्ही बाजूंनी परत टेकवून पाहा. दोन्हीकडे ३२ आलं की चकतीचं शून्य हा तुमचा खरा टॉप.

मी हे तीन वेळा करतो. पिस्टनवर कार्बनचा पापुद्रा असला तर पहिल्या वेळी तो चिरडतो आणि आकडा अर्ध्या अंशाने बदलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचे आकडे जुळले की समाधान.

स्टॉप विकत घ्यावा की घरी बनवावा?

बनवा, खर्च नगण्य आहे. जुना प्लग घ्या. पद्मिनीला १४ मिमीचा लागतो, बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांना तोच चालतो, आटे १.२५ चे. डोळ्यांवर चष्मा लावून आतली चिनी माती फोडून काढा, खालचा इलेक्ट्रोड कापा आणि उरलेल्या लोखंडी खोळीत लेथवाल्याकडून ८ किंवा १० मिमीचे आटे पाडून घ्या. त्यात लांब बोल्ट, वर लॉकनट. बोल्टचं टोक कानशीने गोल करा आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचा असतो, टोकदार लोखंड त्यावर ठसा सोडतं. टोकाला पितळेची टोपी बसवून घेतली तर उत्तमच.

स्टॉप किती आत सोडायचा?

टेकण्याची जागा टॉपपासून साधारण २५ ते ४० अंशांवर येईल इतका. पद्मिनीच्या स्ट्रोकला ३२ अंश म्हणजे पिस्टन टॉपच्या सुमारे ७ मिमी खाली. फार कमी सोडला तर पुन्हा त्याच आळशी पट्ट्यात अडकता. फार जास्त सोडला तर बोल्ट लांब होतो आणि लवतो, विशेषतः प्लगचं भोक तिरकं असेल तेव्हा.

डिग्री व्हील नाही. पुलीवर भागेल का?

भागतं, आणि खूण शेवटी पुलीवरच हवी असेल तर हेच सरळ पडतं. काट्यासमोर पहिल्या टेकण्याला पुलीवर एक रेघ, दुसऱ्या टेकण्याला दुसरी रेघ. कागदी मास्किंग टेप पुलीच्या कडेवर लावा, दोन्ही रेघा त्यावर उतरवा, टेप सोडवून टेबलावर पसरा आणि पट्टीने मध्य काढा. पुलीचा व्यास १४० मिमी असेल तर एक अंश म्हणजे १.२२ मिमी. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजता आलं तरी अर्ध्या अंशाच्या आत आलात.

मात्र मध्य दोन असतात. रेघांमधल्या आखूड तुकड्याचा मध्य टॉप आणि लांब तुकड्याचा मध्य बॉटम. हसू नका, रात्री अकरा वाजता बॅटरीच्या उजेडात अशी चूक होते.

हेड उतरवलेलं आहे. आता?

मग तर मजा आहे. ब्लॉकवर आडवी जाड पट्टी दोन बोल्टांनी कसली तर तीच स्टॉप होते. पट्टीखाली पिस्टनच्या मध्याला लागेल असा एक बोल्ट घाला म्हणजे टेकण्याची जागा खाली जाईल.

डायल गेज असेल तर तोही चालतो, फक्त अर्धं करण्याची युक्ती सोडायची नाही: टॉपच्या एक मिमी खाली अलीकडचा आकडा, एक मिमी खाली पलीकडचा आकडा आणि मध्य. इथे दोन बारकावे आहेत. गेजची काडी पिस्टनच्या मध्यावर, पिनच्या रेषेत ठेवा. कडेला ठेवली तर पिस्टन सिलिंडरमध्ये डुलतो आणि गेज ते डुलणं मोजत बसतो. दुसरं म्हणजे दोन्ही आकडे पिस्टन वर चढत असताना घ्या. पलीकडच्या बाजूला आधी जास्त खाली जाऊन, उलटं फिरवत वर या. चढताना रॉडचं बेअरिंग एका बाजूला दाबलेलं असतं आणि उतरताना दुसऱ्या बाजूला. तो शतांश मिलिमीटरांचा खेळ मोजणीत शिरतो. स्टॉपच्या पद्धतीत पिस्टन दोन्ही वेळा खालून वरच ढकलला जातो, म्हणून तिथे ही भानगडच नाही.

प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिलं तर?

टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट करायला चालेल. तरीही स्क्रू-ड्रायव्हर नको, सरबताचा स्ट्रॉ किंवा लांब लाकडी काडी घ्या. तिरक्या भोकात लोखंडी दांडी पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये अडकते, आणि त्याच क्षणी पाना फिरवणारा तुमचा मित्र भलताच जोरात असतो. आमच्याकडे त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर वाकला, पिस्टन वाचला. दर वेळी वाटणी अशीच होईल असं नाही.

टॉप सापडला, पण तो कॉम्प्रेशनचा की एक्झॉस्टचा?

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणून एक नंबर दर चक्रात दोनदा टॉपला येतो. पुलीला यातला फरक कळत नाही, तो व्हॉल्व्हना विचारावा लागतो. रॉकर शाफ्ट उतरवला होता तर आता तो परत बसवून टॅपेट सेट करून घ्या.

व्हॉल्व्ह कव्हर काढलेलं असेल तर एक नंबरचे दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहा. दोन्हींत थोडा खुळखुळा असेल तर कॉम्प्रेशन. पद्मिनीसारख्या चार सिलिंडरच्या, १-३-४-२ क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात आणखी एक खात्री असते: एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असताना चार नंबरचे व्हॉल्व्ह अदलाबदल करत असतात, एक मिटत आलेला आणि दुसरा उघडायला लागलेला.

कव्हर बंद असेल तर भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठा ढकलत असेल तर कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. एकट्याने काम करताना मी भोकाच्या तोंडाशी रबरी नळीने खेळण्यातली शिट्टी बसवतो. पिस्टन चढताना ती वाजते आणि टॉपपाशी गप्प होते. शेजारी चौकशी करायला येतात, तेवढी तयारी ठेवा.

इथे चूक झाली तर डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) बरोबर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसतो. गाडी सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून फाटकन आवाज येतो आणि भुवया जपाव्या लागतात.

मारुती ८०० ला "चार नंबर बघा" ही युक्ती कशी लावायची?

लागत नाही, कारण चार नंबरच नाही. ७९६ सीसीच्या त्या इंजिनात तीन सिलिंडर, क्रँकचे तीन कोपरे १२० अंशांवर आणि पेटण्याचा क्रम १-३-२. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असतो तेव्हा तीन नंबर हवा ओढत असतो आणि दोन नंबर धूर बाहेर टाकत असतो. टॉपला दुसरं कोणीही नसतं. तिथे एक नंबरच्याच रॉकरवर किंवा अंगठ्यावर विसंबा. स्टॉपची पद्धत मात्र जशीच्या तशी चालते.

इंजिन कुठल्या दिशेने फिरवायचं?

पुलीकडून पाहिलं तर बहुतेक गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. होंडाची जुनी डी सिरीजची इंजिनं उलटी फिरतात. स्टॉपच्या मोजणीत दोन्ही दिशांना फिरवणं भागच आहे आणि त्याने बिघडत नाही, कारण आपण थेट क्रँकवर मोजतो. पण त्यानंतर डिस्ट्रिब्युटर किंवा कॅम जुळवताना टॉपकडे नेहमी इंजिनाच्या चालत्या दिशेनेच या. चेनचा ढिलेपणा चालताना ज्या बाजूला असतो त्याच बाजूला राहायला हवा. खूण थोडी पुढे गेली तर तेवढंच मागे घेऊ नका, चांगलं मागे जाऊन पुन्हा या.

डिझेल गाडीला?

भोक कुठे जातं ते आधी पाहा. जुन्या, हेडमध्ये वेगळी ज्वलनपेटी असलेल्या डिझेलांत ग्लो प्लगचं भोक त्या पेटीत उघडतं, पिस्टनवर नाही. स्टॉप पोहोचतच नाही. तिथे डिझेलच्या पंपाचे जुने मिस्त्री एक नंबर टॉपजवळ आणून त्याच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग काढतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकू देतात आणि दांड्यावर डायल गेज लावतात. मग तेच: दोन्ही बाजूंना सारखं खाली आणि मध्य. दांड्याला आधी दोरा बांधा. पिस्टन फार खाली गेला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि मग हेड उतरवण्याला पर्याय नाही.

पिस्टनची पिन मध्यापासून जरा सरकवलेली असते म्हणतात. मग मध्य काढणं चुकत नाही का?

प्रश्न रास्त आहे. आवाज कमी व्हावा म्हणून पिन एखादा मिलिमीटर बाजूला असते, त्यामुळे पिस्टन खरोखरच सर्वांत वर असतो ती क्रँकची जागा सुमारे एक तृतीयांश अंशाने सरकते. पण दोन्ही टेकण्याच्या जागाही जवळपास तेवढ्याच सरकतात. मी गणित करून पाहिलं: ३२ अंशांच्या स्टॉपने काढलेला मध्य आणि पिस्टनचं खरं शिखर यांत फरक पडतो अंशाच्या शंभराव्या भागाइतका. विसरून जा.

एवढी अचूकता कशाला हवी?

कामावर अवलंबून आहे. टॅपेटसाठी पाच-सात अंश इकडेतिकडे झाले तरी चालतं, कारण कॅमचा गोल भाग बराच लांब असतो. चेन बसवताना चूक होते ती पूर्ण दाताची. कॅमच्या गिअरला ४० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, ते टॉप ढोबळ असला तरी कळून येतं. इग्निशनला मात्र दोन अंशही जाणवतात. मागे पडलं तर गाडी सुस्त होते आणि तापते, पुढे गेलं तर घाटात ठोकते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तो हाताने एक अंश फिरवला की टायमिंग दोन अंशांनी हललं. स्ट्रोब लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा टायमिंगचा दिवा) कितीही भारी असो, तो दाखवतो ती पुलीवरची खूण. खूणच खोटी असेल तर तो खोटं फार स्वच्छ दाखवतो.

नव्या गाड्यांत हे कोणी करतं का?

क्वचित. क्रँक सेन्सर दातेरी चाकावरची गाळलेली जागा पाहतो आणि बाकीचा हिशेब ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) करतो. चेन किंवा बेल्ट बदलताना लॉकिंग पिना वापरतात. एकच लक्षात ठेवा: पिन बसली म्हणजे एक नंबर टॉपला आहेच असं नाही. काही इंजिनांत सगळे पिस्टन अर्ध्यावर असताना पिन बसते, मुद्दाम, व्हॉल्व्ह पिस्टनला लागू नयेत म्हणून. त्या गाडीचं मॅन्युअल पाहा.

खूण कशी करावी?

जुनी खूण काळ्या रंगाने झाका, नाहीतर पुढचा मिस्त्री तीच धरेल. नवी रेघ कानशीच्या धारेने बारीक ओढा आणि तिच्यात पांढरा रंग भरून वरचा पुसून घ्या. छिन्नीने ठोकू नका, पुली ओतीव असेल तर तडकते. आणि सेल्फला हात लावण्याआधी एक नंबरच्या भोकातला स्टॉप काढा. मी तो काढेपर्यंत गाडीची चावी स्टॉपच्याच बोल्टला सुतळीने बांधून ठेवतो.